वाचलेलं पाणी

फुटपाथवरचं प्लास्टिकचं झाकण उचलून पाणी कंपनीच्या माणसाने लांब दांड्याच्या किल्लीने कॉक बंद केला आणि मला म्हणाला, आत जाऊन नळ सोडून बघा. मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. जरा धार आली, मग चूळ भरल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. शेजारी, वय ऐंशीच्या घरात, अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच ठेवून पायरीवर उभे. त्यांचंही पाणी गेलं होतं.

"झालं," तो माणूस म्हणाला. "तुमचा दोघांचा पाइप एकच आहे."

पाण्याचा मीटर बसवायचा हा आमचा पहिला प्रयत्न, ऑक्टोबर २०२३ मधला. आम्ही इंग्लंडात बर्कशायर परगण्यात राहतो. घर १९३० च्या दशकातलं, एका भिंतीने शेजारच्या घराला चिकटलेलं. अशा जुन्या घरांना रस्त्यापासून एकच पाइप येतो आणि जमिनीखाली कुठेतरी त्याला फाटा फुटतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मीटर फुटपाथमध्ये बसवला असता तर शेजाऱ्यांची दाढीही माझ्याच बिलात आली असती. सर्व्हेवाल्याने फॉर्मवर खूण केली, "घरात बसवावा लागेल" म्हणाला आणि गेला. पुढची तारीख फेब्रुवारीतली मिळाली.

मीटर हवाच कशाला, हे आधी सांगायला हवं. घर आम्ही २०१९ मध्ये घेतलं. तेव्हापासून पाण्याचं बिल वर्षातून एकदा यायचं, आणि आम्ही किती पाणी वापरतो याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसायचा. जुन्या घरांना इथे एक 'रेटेबल व्हॅल्यू' असते, आपल्याकडे घरपट्टीत करपात्र मूल्य असतं त्याच जातीची. हे घर भाड्याने दिलं तर किती मिळतील, याचा १९७३ च्या फेरआकारणीतला अंदाज. १९९० मध्ये घरपट्टीने तो सोडून दिला, पाण्याच्या बिलाने मात्र धरून ठेवला. १९७३ साली आमच्या घराला काय भाडं आलं असतं यावर २०२३ मध्ये आमची आंघोळ किती महाग हे ठरत होतं. १९९० नंतर बांधलेल्या घरांना हा आकडाच नाही, म्हणून त्यांना पहिल्यापासून मीटर. इंग्लंडात आता साठेक टक्के घरांना मीटर आहे. बाकीचे अजून १९७३ मध्ये राहतात.

आमचं बिल ६२० पौंडांचं झालं होतं. ऑफिसातल्या एकाने हिशेब सांगितला: घरात माणसांपेक्षा बेडरूम जास्त असतील तर डोळे मिटून मीटर घे. आम्ही तिघं, मी, बायको आणि दहावीच्या वयाची मुलगी. बेडरूम चार, त्यातली एक जेमतेम कपाटाएवढी, पण मोजायला चार. मीटर फुकट बसवून मिळतो. नाही परवडला तर वर्षाच्या आत जुन्या पद्धतीवर परत जाता येतं. एवढं ऐकल्यावर कोकणस्थ बायकोने त्याच रात्री अर्ज भरला. (हा विनोद तिचाच आहे, मी फक्त टिपून घेतला.)

सगळ्या ब्रिटनमध्ये असं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. स्कॉटलंडमध्ये पाणी सरकारीच आहे आणि पैसे कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या घरपट्टीबरोबर जातात. उत्तर आयर्लंडमध्ये घरगुती पाण्याचं वेगळं बिलच नाही. पलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकात २०१४ मध्ये मीटर आणि पाणीपट्टी आणायला गेले, तर लोक लाखांनी रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये पाणीपट्टी थांबवली आणि पुढच्या वर्षी ज्यांनी निमूटपणे भरली होती त्यांना पैसे परत केले. माझा एक मित्र डब्लिनला असतो. त्याने भरली नव्हती, त्यामुळे त्याला परत काही मिळालं नाही, आणि याचीही त्याला हळहळ आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिटर आला. सिंकखालचं कपाट रिकामं केलं. फिनेल, भांडी घासायच्या घासण्या, बटाट्यांची टोपली, सगळं बाहेर. आत भिंतीला घराचा मुख्य कॉक होता, त्यावर रंगाचे इतके थर की तो फिरतो याचाच कुणाला पत्ता नव्हता. अर्धा तास त्याच्याशी झटून झाल्यावर पाऊण तासात मीटर बसला. पितळी, मुठीएवढा. वर काचेत काळे आकडे, ते घनमीटरचे, म्हणजे एका आकड्याला हजार लिटर. पुढे लाल आकडे लिटरचे. आणि बाजूला शेंगदाण्याच्या अर्ध्या दाळीएवढी एक लाल चांदणी. पाणी वाहायला लागलं की ती गरगर फिरते. "घरातले सगळे नळ बंद असताना ही फिरताना दिसली," फिटर म्हणाला, "तर मला नको, प्लंबरला फोन करा."

हे वाक्य मी ऐकलं आणि विसरलो. त्याची किंमत पुढे येतेच.

पहिले तीन महिने मी घरात कुणाला सुखाने पाणी वापरू दिलं नाही. वही केली. वॉशिंग मशीन एका फेरीला ५० लिटर. भांडी घासायचं मशीन १२, म्हणजे आम्ही हाताने घासायचो त्याच्या चौथाई, हे बघून बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मुलीचा शॉवर: बाराव्या मिनिटाला आकडा ११० लिटरने पुढे. मी खालून हाक मारली. वरून आवाज आला, "बाबा, तू आता सिंकखाली बसून माझी आंघोळ मोजणार आहेस का?" मी खरंच सिंकखाली बसलो होतो, हातात टॉर्च घेऊन.

ऑक्टोबरमध्ये पहिलं पूर्ण सहामाही बिल आलं. ६६ युनिट, म्हणजे तेवढे घनमीटर, २४५ पौंड. आधीच्या हिशेबाने अर्ध्या वर्षाचे ३१० झाले असते. माणशी दिवसाला १२० लिटर. इथली सरासरी १४० च्या आसपास आहे आणि २०५० पर्यंत ती ११० वर आणायचं सरकारने मनावर घेतलंय. आम्ही २०५० च्या बऱ्यापैकी जवळ पोचलो होतो. वही ड्रॉवरमध्ये गेली. मराठीत हे एक बरं आहे, की मीटर वाचणं आणि पाणी वाचणं याला एकच क्रियापद पुरतं. मी पहिलं करायचं सोडलं आणि दुसरं आपोआप होत राहील असं धरून चाललो.

एप्रिल २०२५ मध्ये दर वाढले. इंग्लंड-वेल्सचं सरासरी वार्षिक बिल एका दमात १२३ पौंडांनी वाढून ६०३ वर गेलं. पाणी आणि सांडपाणी मिळून आमचं युनिट तीन पौंडांच्या थोडं वर होतं, ते चारच्या आसपास आलं. कारणं पेपरात रोज येत होती: जुने पाइप, नद्यांत सोडलेलं मैलापाणी, कंपन्यांची कर्जं. १९८९ मध्ये इथलं पाणी खासगी कंपन्यांना विकलं तेव्हा त्यांची कर्जं सरकारने माफ करून कोऱ्या पाटीने विकलं होतं. आज सगळ्यांच्या डोक्यावर मिळून साठ अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे. आणि इंग्लंडात शेवटचं मोठं नवं धरण झालं ते डर्बीशरमधलं कार्सिंग्टन, १९९२ साली. तेहतीस वर्षांत माणसं वाढली, शॉवर वाढले, धरण एक नाही. मीटरमधून वाचवलेलं सगळं त्या एका एप्रिलमध्ये गेलं. जुन्या पद्धतीवर परत जायची वर्षाची मुदतही तोवर संपून गेली होती. अर्थात तिकडचे दरही वाढलेच होते.

त्याच महिन्याच्या शेवटी आई-बाबा आले. सहा महिन्यांचा व्हिसा.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. लहानपणी जूनमध्ये पागोळ्यांखाली हंडे लावायचे, दहा मिनिटांत भरून वाहायचे. आणि त्याच वाडीवर मे महिन्यात टँकर यायचा. आमच्याकडे जांभा, चाळणीसारखा दगड. पडलं ते पाझरून वहाळाला, वहाळातून खाडीला. एप्रिलमध्ये विहिरीत कळशी सोडली की तळाला आपटल्याचा आवाज यायचा. त्यामुळे 'एवढा पाऊस पडतो तरी पाणी नाही?' या प्रश्नाचं आश्चर्य आमच्या घरात कुणाला वाटत नाही.

बाबांना आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. इंग्लंड म्हणजे पाऊस, असं ते तीस वर्षं एस.टी. वर्कशॉपातल्या क्रिकेट समालोचनात ऐकत आलेले. इथे आल्यावर महिनाभर पाण्याचा थेंब नाही. शंभराहून अधिक वर्षांतला इंग्लंडचा सर्वांत कोरडा वसंत होता तो. मी त्यांना सांगितलं की आमच्या भागात वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या मागेपुढे, पुण्यापेक्षाही कमी. "म्हणजे आपल्या जुलैचे तीन आठवडे," बाबा म्हणाले. "मग वर्षभर छत्री कशाला नाचवतात?" कारण तो तीन आठवड्यांचा पाऊस इथे बारा महिने पुरवून पुरवून पडतो. दिसतो खूप, साठतो थोडा. इथे जमिनीखाली खडूचा दगड आहे, तो स्पंजासारखा पाणी धरतो, आणि आमच्या नळाला येणारं बरंचसं पाणी त्यातलंच. पण तो भरतो हिवाळ्याच्या पावसाने. मेनंतर पडतं ते झाडं आणि ऊनच पिऊन टाकतात. त्या खडूची खूण घराघरात आहे: किटलीच्या तळाला पांढरी खपली. आईने पहिल्या दिवशी किटली बघून विचारलं, "ही घासत नाही का रे कोणी?" मी सांगितलं, आई, घासली तर उद्या परत येते. तिने घासली. दुसऱ्या दिवशी परत आली. मग तिने नाद सोडला.

जुलैमध्ये होजपाइप बंदी लागली. नळीने बागेला पाणी घालायचं नाही, गाडी धुवायची नाही. मोडलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. झारीने मात्र घालता येतं. बाबांनी मागच्या अंगणात टोमॅटोची दहा रोपं लावली होती. ते सकाळी आंघोळीचं पाणी बादलीत धरायचे, आई तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात ठेवायची, आणि दोघं झारी घेऊन फेऱ्या घालायची. शेजारी कुंपणावरून बघत असायचे. त्यांना हा सोहळा फार आवडला. १९७६ च्या दुष्काळात ते डेव्हनमध्ये राहत होते, रस्त्यावरच्या नळाला बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले होते. तेव्हा सरकारने डेनिस हॉवेल नावाच्या मंत्र्याला दुष्काळाचं खातं दिलं आणि काही दिवसांतच धो धो पाऊस सुरू झाला, हे त्यांनी आम्हाला चार वेळा सांगितलं. बाबांनी चारही वेळा सांगितलं, की आमच्याकडे मंत्री आला की टँकर येतो, पाऊस नाही. मी दोन्हीकडचं भाषांतर करत उभा.

ऑगस्टमध्ये सरकारी दुष्काळ गटाच्या बैठकीनंतर लोकांना पाणी वाचवायच्या सूचना दिल्या, त्यात एक अशी होती की जुने ईमेल आणि फोटो पुसून टाका, कारण डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागतं. मी ती बातमी जेवताना वाचून दाखवली. बाबांनी घास थांबवला. "म्हणजे तू ईमेल पुसलास की विहीर चढते?" रोज सकाळी ते फिरायला जायचे त्या कोपऱ्यावर फुटपाथच्या फटीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. मी कंपनीला कळवलं, नंबर मिळाला. एकोणीस दिवस ते तसंच वाहत होतं. बाबा रोज येऊन 'आज सतरावा' असं सांगायचे. इथल्या पाइपांत सोडलेल्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा गळतीत जातो, हे मी वाचलं होतं. पण टोमॅटोला झारीने पाणी घालणाऱ्या माणसाला ते टक्क्यांत सांगायची गरज नव्हती.

आता त्या बिलाकडे येतो. दसरा २ ऑक्टोबरला झाला. नंतर चार-पाच दिवसांनी पाकीट आलं. १४८ युनिट. ६४२ पौंड.

मी आधी पत्ता पाहिला. आमचाच. मग सिंकखाली वाकून आकडा पाहिला. बरोबर होता. मग मी जे केलं ते लिहायला आजही अवघड जातं. रात्री जेवताना मी विषय काढला, अगदी सहज काढल्यासारखा. आई रोज दोन-चार कपडे हाताने धुवायची, नळ सोडून, कारण मशीनवर तिचा विश्वास नाही. मी म्हणालो, "आई, ते रोजचं धुणं मशीनला टाकत जा ना. इथे पाणी मोजून येतं." बस, एवढंच. आई "बरं" म्हणाली. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढचा घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत आईची बादली अर्धीच भरलेली होती.

जिने आयुष्यभर रहाटाने पाणी काढलं, मे महिन्यात दोन हंडे डोक्यावर एक कमरेवर घेऊन घाटी चढली, तिला मी पाणी जपून वापरायला सांगितलं होतं.

हिशेब मी त्यानंतर केला, आधी करायला हवा होता तो. आमचे तिघांचे सहा महिन्यांचे ६६. आई-बाबा साडेपाच महिने, माणशी सढळ हाताने १३० लिटर धरले तरी ४४. झाले ११०. वरचे ३८ युनिट, म्हणजे अडतीस हजार लिटर, कुणाच्याच नावावर बसत नव्हते. दोन धुण्यांच्या पिळ्यांत तर नाहीच नाही.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "डिझेल कमी भरतंय म्हणून ड्रायव्हरला धरायचं नसतं," ते म्हणाले. "आधी टाकी बघायची." रात्री साडेअकराला त्यांनी टॉर्च धरून आकडा लिहून घेतला आणि घरात फतवा काढला: सकाळपर्यंत नळ नाही, फ्लश नाही. स्वतः ते तीनदा उठले, प्रत्येक वेळी बादलीत आधीच भरून ठेवलेलं पाणी ओतलं. पहाटे साडेपाचला मला हलवून उठवलं. सहा तासांत ७५ लिटर. ती लाल चांदणी फिरत होती. गरगर नव्हे, म्हाताऱ्या बैलासारखी, एकेक पाऊल.

दिवसाला तीनशे लिटर. एका मिनिटाला ग्लासभर. हे कुठे जातंय ते ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. भिंती कोरड्या, फरशी कोरडी. बाबांनी दोन्ही संडासांच्या फ्लशच्या टाक्यांची झाकणं उचलली आणि आईला हाक मारली, "तुझा जिलेबीचा रंग आण गो." दसऱ्याला जिलेब्या केल्या होत्या, त्यातला केशरी रंग पुडीत उरला होता. एकेक चिमूट दोन्ही टाक्यांत. अर्धा तास कुणी जायचं नाही. खालच्या कमोडमध्ये पाणी स्वच्छ. वरच्यात मागच्या पांढऱ्या चिनीमातीवरून एक केशरी रेघ उतरत होती, केसाएवढी, चमकत.

आई दारात उभी होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वहीत माझ्या नावावर जे मांडलं असशील ते खोड आता."

दोष त्या पाणी वाचवणाऱ्या बटणाचा निघाला. दोन बटणांचा फ्लश, लहानाला कमी पाणी, मोठ्याला जास्त. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला. इंग्लंडात पूर्वी फ्लशच्या टाकीत सायफनच लागायचा. दांडा दाबला की पाणी वर चढून पलीकडे पडायचं, त्यामुळे गळायची सोयच नव्हती. नियम बदलून २००१ पासून तळाला झडप असलेल्या टाक्या चालू लागल्या. झडपेखाली रबराची चकती असते. ती झिजली, तिच्यावर कण बसला, की पाणी मुकाट्याने कमोडमध्ये उतरत राहतं. आमच्या चकतीवर किटलीत असते तीच पांढरी खपली धरली होती. शेजाऱ्यांकडे १९३० च्या दशकाला शोभेल असा लोखंडी दांड्याचा सायफन अजून आहे. एका दमात नऊ लिटर पाणी सोडतो, पण मध्ये एक थेंब सोडत नाही.

प्लंबर नुसता येऊन बघायचे नव्वद पौंड सांगत होता. बाबांनी माझ्या टूलबॉक्सला नावं ठेवत त्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला, टाकीच्या पाइपवरच्या कॉकची खाच पाव फेरी फिरवून पाणी बंद केलं, झडप पिळून वर काढली. वायसर बोटांत धरून उजेडाकडे केला. कड लाटेसारखी वाकडी झालेली. त्यांनी तो उलटा करून बसवला. एस.टी.त नवं सामान येईपर्यंत असंच करायचे, म्हणाले. त्या रात्री चांदणी थांबली. दोन दिवसांनी पुन्हा एकेक पाऊल टाकायला लागली. तेव्हा दुकानातून नवा वायसर आणला. चार पौंड.

कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं पियानो वाजला, मग एक मुलगी फार गोड आवाजात बोलली. जमिनीखालचा पाइप फुटून गळती झाली असती तर सवलत मिळाली असती, घरातल्या संडासाची जबाबदारी घरमालकाची. नियम तिने केलेला नव्हता. रक्कम दहा हप्त्यांत विभागून दिली. बाबांनी विचारलं, नाही भरलं तर पाणी तोडतात का. मी सांगितलं, नाही, १९९९ पासून इथे पैसे थकले म्हणून घराचं पाणी तोडायला कायद्याने बंदी आहे. बाबा विचारात पडले. "मग लोक भरतात कशाला?"

बिल मात्र त्यांनी हातातून सोडलं नाही. ओळ न् ओळ वाचली. सांडपाण्याचे पैसे ठीक आहेत, गेलं तेवढं येणारच. पण खाली आणखी एक ओळ होती, 'सरफेस वॉटर ड्रेनेज'. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून गटारात जातो, त्याचे वर्षाला तीसेक पौंड. "पावसाचे पैसे?" ते उठूनच उभे राहिले. "आकाशातून पडलेल्या?" मी सांगितलं की पाऊस गटारात न जाता आपल्याच जमिनीत मुरत असेल तर ही रक्कम माफ होते, अर्ज करायचा. बाबांना काम मिळालं. मागच्या बाजूची पन्हळ जिथे जमिनीत शिरते तिथे त्यांनी थोडं उकरून पाहिलं. खाली विटांच्या तुकड्यांनी भरलेला चांगला शोषखड्डा. त्यांचा चेहरा फुलला. मग पुढच्या बाजूला मी गटाराचं झाकण उचलून वाकलो आणि ते शिडीवरून पन्हळीत बादली ओतू लागले. तिसऱ्या बादलीला झाकणाखालून खळखळ ऐकू आली. पुढचं छप्पर गटारात जात होतं.

तरी नकाशा काढून, फोटो लावून अर्ज केला. आठवड्याभरात उत्तर आलं: सगळं पाणी जमिनीत मुरत असेल तरच सूट, अर्ध्याला नाही. "अर्धा पाऊस आपला, अर्धा त्यांचा," बाबा म्हणाले, "आणि पैसे सगळ्याचे." हा नियम मला अजूनही पटलेला नाही. वसंतात पुढच्या बाजूलाही खड्डा घ्यायचा विचार आहे. खर्च काढला तर तीस पौंडांच्या सुटीने तो फिटायला कितीतरी वर्षं जातील. बायको म्हणते, हा तुझा नाही, तुझ्या बाबांचा हट्ट आहे. असेल.

१६ ऑक्टोबरला आई-बाबा परत गेले. बॅगा गाडीत चढवून झाल्यावर बाबा पुन्हा आत आले, बूट न काढता सिंकखाली वाकले आणि टॉर्च मारली. "थांबलीय," म्हणाले. तेवढ्यात वर मुलीने फ्लश केला आणि चांदणी गरगरा फिरायला लागली. ती पुन्हा थांबेपर्यंत ते तिथेच बसून होते, विमानाला उशीर होतोय म्हणून मी हॉर्न वाजवत असताना.

ड्रॉवरमधली वही आता बटाट्यांच्या टोपलीवर असते. शेवटचा त्यांच्या हातचा आकडा ३१२, त्याखाली रेघ. दर रविवारी फोन येतो तेव्हा बाबा हवामान विचारत नाहीत. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी इथे सकाळपासून पाऊस लागला होता, खिडकीवर थडाथडा, त्यांना फोनमध्येही ऐकू जात होता.

"आकडा सांग," ते म्हणाले.

"३२९."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. ते भागाकार करत होते.